दोन टिंबे आणि पोटफोड्या ष

फराळाला बसल्यावर वाद घालू नये, असे आमच्या आईचे एक जुने मत आहे. चकली तोंडात असताना शब्द नीट उमटत नाहीत आणि न उमटलेल्या शब्दांवरूनच घरात भांडणे होतात, असा तिचा अनुभव. तरीही आमच्या घरी दर दिवाळीला एक तरी वाद फराळाच्या ताटावर झडतोच. कधी तो अनारशाच्या जाळीवरून झडतो, तर कधी चिवड्यात बेदाणे असावेत की नसावेत यावरून. गेल्या दिवाळीत तो एका जर्मन शहराच्या नावावरून झाला.

ताईचा मुलगा दोन वर्षांपूर्वी शिकायला जर्मनीत गेला. ऱ्हाइन नदीच्या काठी एक मोठे जुने शहर आहे, तिथे तो राहतो. दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याने आजीसाठी एक लहानशी कुपी आणली होती. आईने बूच काढून वास घेतला मात्र, तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई, कोलनवॉटर!”

मग तिने माझ्या लहानपणच्या तापाची कथा सांगितली. मला विषमज्वर झाला होता, आणि तिने तीन रात्री माझ्या कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवल्या होत्या. ही कथा घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण या वेळी मध्येच भाचा म्हणाला, “आजी, कोलन नव्हे. त्या शहराचं नाव क्योल्न. आम्ही तिथं तसंच म्हणतो.”

“तुम्ही म्हणा हो,” आई म्हणाली, “तुझ्या मामाचा ताप कोलननंच उतरला.”

वाद तिथेच संपायचा. पण दुपारी भाच्याने नोकरीसाठी केलेला एक इंग्रजी अर्ज मला वाचायला दिला. मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजी अर्जात नाक खुपसू नये हे खरे. पण वीस वर्षे वह्या तपासून माझ्या हाताला तांबड्या पेन्सिलीची खोडच जडली आहे. अर्जात त्याने लिहिले होते की, मी गेली दोन वर्षे अमुक शहरात राहतो; आणि शहराचे नाव के, ओ, एल, एन अशा चार अक्षरांत लिहिले होते. मी त्या नावाखाली ठसठशीत रेघ मारली.

“मामा, तेच तर खरं नाव आहे!”

“खरे नाव ते नव्हे,” मी म्हणालो, “तुझ्या ओवरची दोन टिंबे कुठे आहेत?”

वाचकहो, ही दोन टिंबे म्हणजे शोभेचे दागिने नव्हेत. जर्मन लोक पूर्वी काही स्वरांच्या डोक्यावर एक चिमुकला ई हे अक्षर लिहीत. लिहिता लिहिता तो झिजला आणि त्याची दोन टिंबे उरली. त्यांनी उच्चार पालटतो आणि अर्थही पालटतो. ‘शोन’ म्हणजे आधीच. त्यातल्या ओवर दोन टिंबे दिली की त्याच शब्दाचा अर्थ होतो सुंदर. आपल्याकडे आंब्यावरचे टिंब काढले तर मागे आबा उरतात, तसेच हे. तो उच्चार कसा करायचा म्हणाल, तर ओ म्हणताना करतो तसा ओठांचा चंबू करावा आणि आतून ए म्हणावे. आमच्या घरच्या सगळ्या मंडळींनी तो त्या दुपारी करून पाहिला. ज्यांच्या तोंडात बेसनाचा लाडू होता त्यांना तो साधला नाही.

त्या शहराच्या नावाची कुळकथाही मोठी गमतीची आहे. रोमन सम्राट क्लॉडियस याची राणी अग्रिपिना हिचा जन्म त्या गावचा. इसवी सन 50 मध्ये तिच्या नावाने त्या वस्तीला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. वसाहतीला लॅटिन भाषेत ‘कोलोनिया’ म्हणतात. पुढे राणीचे नाव गळाले आणि नुसती वसाहत राहिली. म्हणजे आमच्या दादरच्या हिंदू कॉलनीतली ‘कॉलनी’ आणि हे थोरले शहर ही एकाच शब्दाची लेकरे. जर्मनांनी तो शब्द आखडून क्योल्न केला, फ्रेंचांनी लांबवून कोलोन केला आणि इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून जसाच्या तसा उचलला. त्या शहरात फारिना नावाच्या एका इटालियन गृहस्थाने सुगंधी पाणी तयार केले. त्याच्या पेढीची स्थापना 1709 सालची. त्या पाण्याला फ्रेंचमध्ये ‘कोलोनचे पाणी’ असे नाव पडले, आणि तेच पाणी दोन-अडीचशे वर्षांनी कोलनवॉटर होऊन आमच्या आईच्या फळीवर येऊन बसले. खुद्द त्या शहरवासीयांनाही नाव कसे लिहावे हा प्रश्न सुटला नव्हता. सी लिहावा की के, यावर तिथे बरीच वर्षे घोळ चालला होता, आणि 1919 मध्ये, कोनराड आडेनावर महापौर असताना, के कायमचा झाला. पुढे 1949 पासून 1963 पर्यंत पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर होते तेच हे आडेनावर.

मी भाच्याला निवाडा दिला तो असा: इंग्रजी वाक्यात लिहायचे असेल तर ‘कोलोन’ लिही, ते इंग्रजी भाषेचे हक्काचे नाव आहे. जर्मनमध्ये लिहायचे तर दोन टिंबांसकट ‘क्योल्न’ लिही. टिंबे टंकता येत नसतील तर ओच्या पुढे ई जोड. जर्मन लोकांनाही ते चालते. पण टिंबे गाळलेले तुझे ‘कोल्न’ ना इंग्रजी, ना जर्मन. ते त्रिशंकू आहे.

“आणि पाकिटावर पत्ता लिहायचा असेल तर?” भाच्याने खोडा घातला.

“तिथे मात्र जर्मन नावच लिही. पत्ता पोस्टमनसाठी असतो. तिथे त्याची भाषा चालायची.”

म्युनिकचेही तेच. तेथील लोक आपल्या शहराला म्युन्शेन म्हणतात. त्या नावात जर्मन भाषेतला साधू दडलेला आहे. म्हणजे ते साधूंचे गाव, आपल्याकडचे एखादे मठगावच म्हणा ना. त्याचा पहिला लेखी उल्लेख 1158 चा आहे. इंग्रजीत त्याचे नाव म्युनिक. पण आमच्याकडे काही मंडळी इंग्रजी अक्षरे वाचून त्याला ‘म्युनिच’ म्हणतात. हे नाव इंग्रजांनी ठेवलेले नाही आणि जर्मनांनीही नाही. ते केवळ आपल्या वाचनातून जन्मलेले आहे.

असे परके नाव ठेवण्यात काही पाप आहे असे मात्र मला वाटत नाही. ज्या भाषेला एखादे शहर जवळचे वाटते ती त्याला आपल्या तोंडात बसेल असे नाव देतेच. आपण मराठी माणसे तरी दुसरे काय करतो? गुजराती माणूस वडोदरा म्हणतो, आपण बडोदे म्हणतो. सयाजीरावांचे बडोदे, तिथले मराठी वाडे, तिथला चिवडा. त्या बडोद्यात आपली किती माणसे नांदली! हिंदीतले इंदौर आपल्याकडे येऊन इंदूर झाले आणि ग्वालियरचे ग्वाल्हेर झाले. यात कुणाचा अपमान नाही, उलट लडिवाळपणाच आहे. फक्त कुणी उद्या अर्धे आपले आणि अर्धे त्यांचे घेऊन ‘बडोदरा’ लिहिले, तर मला त्याच्या वहीवर रेघ मारावी लागेल.

उलट्या बाजूनेही आपण हे सोसले आहे. आमच्या वसईचे पोर्तुगीजांनी ‘बसाईं’ केले. त्यातल्या सी या अक्षराला खाली एक शेपटी होती. ती असली की त्याचा स होतो. इंग्रजांनी शेपटी छाटली, तिच्या जागी दोन एस घातले आणि ‘बसीन’ केले. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये घेतली ती वसई आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जिथे तह केला ते इंग्रजी बखरीतले बसीन, ही एकच जागा आहे हे शाळेत कळायला मला दोन इयत्ता लागल्या. शीवचे सायन झाले, साष्टीचे सालसेट झाले. मी राहतो ते ठाणे इंग्रजांनी पहिली आगगाडी आणली तेव्हा ‘टान्ना’ होते, नंतर ‘ठाणा’ झाले, आणि आता इंग्रजी स्पेलिंग नीट केल्यावर बाहेरगावचा माणूस त्याला ‘थेन’ म्हणतो. मुंबईचे इंग्रजी नाव 1995 मध्ये सरकारने बदलले. पण हायकोर्टाच्या नावात अजून बॉम्बे आहेच. या शहरांचे त्यावाचून काही अडले नाही. चार नावांनी हाका मारल्या तरी त्यांचा पत्ता चुकत नाही.

इतके सगळे मी पाटावर बसून, हातवारे करून सांगितले. बायको म्हणाली, “आता चहा घ्या, गार होतोय.” भाच्याने मात्र जाता जाता विचारले, “मामा, ज्या गावाला दुसरं नावच नाही, त्याचं काय करायचं?”

“तिथे शुद्ध रूप शोधायचे आणि ते लिहायचे,” मी ऐटीत उत्तर दिले.

हे उत्तर पुढे मला पंधरा दिवसही पुरले नाही.

सुट्टी संपून कॉलेज उघडले. दुसऱ्याच दिवशी आमचे हेडक्लार्क एक फाइल घेऊन स्टाफरूममध्ये आले. “सर, हा ष कुणाचा?” त्यांनी विचारले.

प्रथम वर्षाला एक मुलगी आहे. मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा या गावची, वारली समाजातली. घरातली कॉलेजात आलेली ती पहिलीच. जुलैमध्ये तिने वसतिगृहासाठी अर्ज केला होता आणि सोबत कॉलेजचे शिफारसपत्र जोडायचे होते. तिने स्वच्छ अक्षरात मसुदा लिहून आणला: मु. पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर. तो मी तपासला होता. वाचकहो, आता लपवून काय उपयोग? यादीत मी ते नाव आधी इंग्रजीतून वाचले होते. त्यावरून मनातल्या मनात व्युत्पत्ती लावली होती, की हे नाव ‘पोष’ या संस्कृत शब्दावरून आले असणार, पोषण करणारी भूमी ती पोषेरा! आणि मुलीने लिहिलेला साधा श खोडून तिथे तांबड्या पेन्सिलीने पोटफोड्या ष काढला होता. समासात ‘शुद्धलेखन!’ असे लिहून पुढे उद्गारचिन्हही दिले होते.

क्लार्कने माझ्या दुरुस्तीप्रमाणे टंकून दिले. शाळेच्या दाखल्यावर श, जातीच्या दाखल्यावर श आणि कॉलेजच्या पत्रावर ष. त्यात पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. तिचे जुने कागद त्याआधीचे, त्यांवर जिल्हा ठाणे. जिल्ह्याची अडचण कार्यालयाला ठाऊक होती. गावाच्या नावाची अडचण ही माझी खास देणगी होती. अर्ज परत आला: ‘गावाचे नाव जुळत नाही.’ तो दुरुस्त होईपर्यंत जागा भरून गेल्या.

मी त्या मुलीला बोलावले. जुलैपासून ती कुठे राहत होती? लांबच्या एका नातलगाकडे, कसाऱ्याच्या बाजूला. पहाटे चारला उठून पाणी भरायचे, स्वयंपाकाला हात लावायचा आणि लोकल धरायची. पहिल्या सत्राच्या परीक्षेत ती दोन विषयांत मागे पडली होती. त्यातला एक विषय मराठी होता.

“अगं, मी चुकीचे दुरुस्त केले तेव्हा तू का नाही बोललीस?”

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, “सर, तुम्ही मराठीचे. मला वाटलं, पुस्तकात तसंच असेल. आम्हीच चुकीचं म्हणत असू.”

वीस वर्षांत माझ्यावर टीका पुष्कळांनी केली आहे, पण इतकी कुणाचीच लागली नाही. आनंदीबाईंनी ध चा मा केला अशी आख्यायिका आपण वर्गात चवीने सांगतो. त्यात निदान हेतू तरी होता. मी केला तो श चा ष नुसत्या विद्वत्तेच्या गुर्मीत.

कार्यालयाने कॉलेजचे सुधारित पत्र आणि सोबत ग्रामपंचायतीचा दाखला मागितला. त्यासाठी त्या मुलीने आणखी एकदा भाड्याचे पैसे मोडावेत हे मला बरे वाटेना. मी म्हणालो, दाखला मी आणतो. भाचा परत जायला अजून चार दिवस होते. तोही बरोबर निघाला. मुलीने घरी निरोप धाडला होता.

एस.टी.ने जव्हार गाठले. त्या गावाचेही नाव इंग्रजीतून वाचून बाहेरची माणसे बेधडक ‘जवाहर’ म्हणतात. तिथून मोखाड्याच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना डोंगर, सागाची झाडे, उतारावर नागली आणि वरईची शेते. पावसाळ्यात इथे पाणी धो धो कोसळते आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन त्याच पाण्यासाठी वणवण करतात. भाचा खिडकीतून बघत होता. मी मात्र गप्प होतो.

मुलीचे आजोबा अंगणात वाट बघत उभे होते. कारवीच्या काठ्यांच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घर. आम्हाला खाटेवर बसवून त्यांनी कोरा चहा दिला. मी झाले ते सगळे सांगितले आणि हात जोडले. म्हाताऱ्याला श आणि ष यांतला फरक कळायचे कारण नव्हते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण दुसऱ्याच कुठल्या गावाचे नाव आपल्या नातीच्या कागदावर पडले एवढे त्यांना कळले.

मी काही बोलणार इतक्यात भाच्याने विचारले, “आजोबा, तुमच्या गावाचं नाव तुम्ही कसं म्हणता? जरा एकदा म्हणून दाखवा.”

म्हाताऱ्याने म्हटले. भाच्याने त्यांच्या तोंडाकडे बघत तसेच्या तसे म्हटले. मग त्याने पुन्हा म्हणवून घेतले, आणि ते बरोबर झाले की नाही तेही विचारून घेतले.

मला नवल वाटले. वाटेत परतताना मी विचारले, हे तुला कुठे शिकायला मिळाले? तो हसला. “मामा, माझ्या आडनावात ळ आहे. तिकडे एकालाही तो म्हणता येत नाही. दोन वर्षं मी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाला ओ देतोय. एकच प्रोफेसर असे भेटले, की पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः कसं म्हणता?”

पण ते परतताना. अंगणात मी म्हाताऱ्यांना एक प्रश्न विचारला, सवयच ती: “आजोबा, या नावाचा अर्थ काय?”

“अर्थ ठाऊक नाही, गुरुजी,” ते म्हणाले. “जुन्यांनी ठेवलेलं नाव. जमिनीचा कागद त्याच नावावर, पोरांचा शाळेचा दाखला त्याच नावावर. दुसरं नाव कुठून आणायचं?”

भाच्याला मी पाटावर बसून द्यायला हवे होते ते उत्तर हेच होते. कोलोनला इंग्रजी नाव आहे, फ्रेंच नाव आहे, जर्मन नाव आहे आणि आमच्या आईने ठेवलेले मराठी नावही आहे. त्या शहराला हे परवडते. त्याच्या नावाला दोन हजार वर्षांची कागदपत्रे आहेत. एक टिंब हुकले तर हसून सोडून देता येते. पोशेऱ्याला एकच नाव आहे. इंग्रजांनी त्याचे लाडाने दुसरे केले नाही, कुणी त्याच्या नावाने सुगंधी पाणी काढले नाही. ते नाव तिथल्या माणसांच्या तोंडात आहे आणि चार सरकारी कागदांवर आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी ते सारखेच असले पाहिजे. तिथे ‘शुद्ध रूप’ पुस्तकात शोधायचे नसते, गावकऱ्याला विचारायचे असते.

ग्रामपंचायतीत दाखला मिळाला. नाव लिहिताना मी ग्रामसेवकांच्या खांद्यावरून वाकून पाहिले. शेतातला श. शिक्का वाळेपर्यंत थांबलो.

निघताना म्हाताऱ्यांनी भाच्याला विचारले, “तू कुठल्या गावी राहतोस, बाळा?”

“क्योल्न,” तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी त्याच्या ओठांकडे नीट निरखून पाहिले, आपल्या ओठांचा चंबू केला आणि म्हणाले, “क्योल्न.”

पहिल्या झटक्यात, दोन टिंबांसकट! मला ते अजून साधलेले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. महिनाभराने त्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली. पहिले सत्र मात्र गेले ते गेले. त्यातले दोन विषय तिला पुन्हा द्यावे लागले. मराठीच्या पेपरसाठी ती रोज दुपारी स्टाफरूममध्ये येऊन बसत असे आणि एप्रिलमध्ये ती चांगल्या गुणांनी पास झाली. भाच्याने अर्जात ‘कोलोन’ लिहिले, पत्त्यात दोन टिंबे दिली, आणि त्याला नोकरी लागली. अर्थात ती टिंबांमुळे लागली असे मी म्हणत नाही.

यंदा जूनमध्ये नवी यादी आली तेव्हा मी वर्गात एक नवा पायंडा पाडला. पहिल्या तासाला प्रत्येकाने उभे राहून आपले नाव आणि गाव सांगायचे, आणि मी ते त्याच्या तोंडून ऐकून वहीत लिहायचे. तास त्यातच संपला. तांबडी पेन्सिल मी त्या दिवशी घरीच ठेवली होती.

आईची कुपी अजून अर्धी शिल्लक आहे. ती त्याला कोलनवॉटरच म्हणते, आणि तिचे बरोबर आहे.